दोन कानियो

पैज लावली तादेओ खाटकानं आणि मी. साक्षीला चौकातल्या बाकावरचे सगळे रिकामटेकडे होते, म्हणजे अर्धं गाव.

"ती घर मागणार," मी म्हटलं. "एवढा समुद्र ओलांडून कोणी नुसता कागद बघायला येत नाही."

"नाही मागणार," तादेओ म्हणाला.

"कशावरून?"

"माझ्या दुकानात येते ती. सूपासाठी हाडं घेते. सांगितली तेवढीच घेते, वर एखादं टाक म्हणत नाही. असा माणूस घर मागत नसतो."

"हाडांवरून माणूस ओळखतोस होय?"

"तू डोक्यावरून ओळखतोस ना, न्हाव्या? मग?"

बाक खदखदला. आता माघार घेतली असती तर पुढची दोन वर्षं माझ्या दुकानात बसून माझीच हजामत झाली असती.

"बरं," मी म्हटलं. "रविवारी कोरोनाता आत्याकडे जेवण आहे, सगळं खानदान टेबलाशी. तिनं घर मागितलं तर तू हरलास, नाही मागितलं तर मी. हरेल त्यानं जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन कारंज्यापासून चर्चच्या दारापर्यंत न्यायचं. मंगळवारी, भर बाजारात."

"गाढवासारखं ओरडत?"

"ओरडत."

तादेओ म्हणजे त्याच्याच दुकानात टांगलेला अख्खा बैल. तरी मी हात मिळवला. मला माझं खानदान ठाऊक होतं. तेलेस्का घराण्यात माणूस बोलायला शिकतो तोच मुळी आपला वाटा मागायला.

ती म्हणजे नोएमी, माझ्या कानियोकाकाची नात. काका विशीच्या आत अर्जेंटिनाला गेला तो गेलाच. पत्रं आली, फोटो आले, शेवटी मेल्याची तार आली. आणि आता, सगळे विसरून गेल्यावर, ही उगवली. तिकडे बँकांनी दारं लावून घेतली होती, नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि नवरा घरात भिंतीकडे तोंड करून झोपून होता. शाळेत जाणारी लेक सासूकडे ठेवून ही आली. तूरीनमधली एक बाई हिला कामावर घ्यायला तयार होती, पण ही कागदोपत्री या देशाची असेल तरच. आजोबा आमच्या रोक्कामुर्रा गावात जन्मला हे सिद्ध झालं की नातही इथली ठरते आणि लेकीलाही आणता येतं. पाहुणी म्हणून राहायची परवानगी महिनाअखेर संपणार होती. त्यानंतर विमानात बसायचं आणि रिकाम्या हातांनी पोरीसमोर उभं राहायचं.

एवढं सगळं असून ती बोलायला लागली की बाकावरचे म्हातारे टोप्या काढायचे. आमच्या मेलेल्या आज्या बोलायच्या तसं ती बोलायची. काकाबरोबर जे बोलणं जहाजात चढलं ते तिकडे बरणीत मुरलं आणि तसंच्या तसं परत आलं. एकदा माझ्या दुकानात तिच्या पायावर गरम पाणी सांडलं, तर म्हणाली, "मुडदा बशिवला तुझा!" मी कात्री खाली ठेवून हसलो. ही शिवी मी शेवटची ऐकली तेव्हा मला दाढी फुटायची होती.

शुक्रवारी पालिकेत काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं, केस कापून घेताना. आरशात बघून बोलताना माणूस फारसं खोटं बोलत नाही.

नोंदणीचे कारकून लाव्हिआनोसाहेब. कोटाला ब्रश मारल्याशिवाय खुर्चीत बसत नाहीत. त्यांनी जन्माची वही काढली, पानं उलटली आणि बोट ठेवलं: कानियो तेलेस्का, बाप शेतमजूर, आई मारिया दोनाता. नोएमीनं वाकून त्या पानाचं चुंबन घेतलं.

"चुंबन नको, बाई. शाई जुनी आहे."

"माझा आजोबा आहे हो."

"आजोबा असू दे. शाई सरकारी आहे." मग ते उठले आणि पलीकडच्या कपाटातून दुसरी वही घेऊन आले. "आता मृत्यू बघू."

"तो इथं नाही मेला. रोसारिओला मेला. मी स्वतः माती टाकली त्याच्यावर."

"नियम आहे. जन्माचा दाखला देण्याआधी मृत्यू बघायचा."

ती हसत खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. लेकीला फोनवर काय सांगायचं ते मनात जुळवत होती. मागे पानांचा आवाज थांबला. बराच वेळ पुन्हा आलाच नाही, तेव्हा तिनं वळून पाहिलं.

"बाई," लाव्हिआनोसाहेब म्हणाले, "तुमचे आजोबा अकरा महिन्यांचे असताना वारले."

आधी तिला हसू आलं. मग तिनं स्वतः वाचलं. तेच नाव, तेच आईबाप. छातीत थंडी भरून मृत्यू. खाली बापाची सही म्हणून एक वेडीवाकडी फुली.

"मग मला मांडीवर घेऊन कोण बसायचं?" ती म्हणाली. "माझ्या बापाला कोणी जन्म दिला?"

लाव्हिआनोसाहेब माणूस म्हणून कोरडे, पण वहीत गाठ बसली की सोडवल्याशिवाय त्यांना अन्न जात नाही. त्यांनी जन्माची वही परत ओढली. ते पोर मेलं त्याच हिवाळ्यात, थोडी पानं पुढे, सुईणीच्या दारात टाकलेलं एक पोर होतं. आईबाप अज्ञात. बाहेर बर्फ पडत होता म्हणून तेव्हाच्या कारकुनानं त्याचं आडनाव लावलं नेव्होसो, बर्फातला. नाव आमातो. आणि शेवटी एक ओळ: पोर दुधासाठी तेलेस्काच्या बायकोकडे दिलं.

ती रीतच होती तेव्हा. जिचं तान्हं मेलंय आणि अंगात दूध आहे अशी बाई शोधायची, तिच्याकडे टाकलेलं पोर द्यायचं आणि जिल्ह्याच्या अनाथघरानं तिला दरमहा काहीतरी पाठवायचं. पोराच्या गळ्यात शिशाचा शिक्का बांधून देत, बाईनं मधेच पोर बदलू नये म्हणून. पोर मोठं झालं की परत घेऊन जात.

"हा आमातो परत गेलाच नाही," लाव्हिआनोसाहेब म्हणाले. "लग्न नाही, लष्कर नाही, मृत्यू नाही. कुठेच नाही. म्हणजे काय, तर तोच कानियो म्हणून वाढला."

"आणि जहाजाचा कागद? तो कसा मिळाला?"

"माझ्या खुर्चीत तेव्हा जो कोणी होता त्यानं जन्माची वही उघडली आणि दाखला दिला. मरणाची वही दुसऱ्या कपाटात असते. उठायचा कंटाळा, बाई. दुसरं काय."

"मग आता माझं काय?"

"तेलेस्काची नात म्हणून तुम्हाला कागद मिळणार नाही. तो मेलेला आहे. नेव्होसोची नात म्हणून मिळेल, तोही इथलाच. पण आमातो नेव्होसो हाच कानियो म्हणून गेला, हे त्या घरातल्या कोणीतरी शपथेवर सांगायला हवं. ज्याला पक्कं ठाऊक आहे अशा माणसानं." त्यांनी चष्मा पुसला. "अशी एकच आहे जिवंत. कोरोनाताबाई. तुम्ही उतरलात तिच्याच घरात."

नोएमी घरी पोचायच्या आत ही बातमी तेओदोरोला पोचली होती.

तेओदोरो म्हणजे कोरोनाता आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ. आईबरोबर त्याच घरात राहतो, आणि ते घर त्याला मिलानच्या एका डॉक्टरला विकायचं होतं. डॉक्टरला दरीचा देखावा आवडला होता, पण त्याचा वकील म्हणाला होता की तेलेस्काच्या सगळ्या वारसांच्या सह्या आणा. माझी सही मी बकऱ्याच्या एका मांडीच्या बदल्यात केव्हाच देऊन टाकली होती. कानियोच्या वारसांची कोणाला आठवणही नव्हती, तोवर ही बॅग घेऊन दारात. तेओदोरोची झोपच उडाली. वरच्या खोलीतला हीटर ती आल्या दिवशीच 'बिघडला'. मार्चमध्ये आमच्याकडे वरच्या खोलीत पाण्याच्या ग्लासावर साय धरते.

शुक्रवारी संध्याकाळी तो हीटर आपोआप दुरुस्त झाला.

"काय रे," त्याची बायको जाचिन्ता म्हणाली, "आज एकदम माया उतू चाललीय?"

"ती आपली नाही गं." तेओदोरो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या नाचत होता. "कानियोमामा दुधाचं पोर होतं! टाकलेलं! लाव्हिआनो म्हणाला, आईनं शपथेवर सांगितलं की झालं. तिला तिचा कागद, मला माझं घर."

जाचिन्ता वाटाणे सोलत होती. नोएमी आल्यापासून ती तिच्याशी दोन वाक्यं नीट बोलली नव्हती. आपले टॉवेल ती मोजून देते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"आणि तुझी आई असं सांगेल?"

"का नाही सांगणार? खरं तर आहे."

"खरं आहे म्हणूनच विचारतेय," जाचिन्ता म्हणाली, आणि उरलेले वाटाणे तिनं पुढ्यात ओढले.

रविवारी मी नवा शर्ट घालून गेलो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला माझी पाठ वाचवायची होती. टेबलावर हातानं ओढलेला पास्ता, त्यावर पावाचा परतलेला चुरा आणि तळलेल्या वाळक्या मिरच्या. मागे भट्टीत कोकरू. आत्या टेबलाच्या टोकाला उभी राहून वाढत होती. नव्वदीला टेकली आहे, पण डाव दुसऱ्याच्या हातात देत नाही. नोएमी ताटात बघत होती. तेओदोरो तिच्या ग्लासात सारखी वाइन ओतत होता. हे मला विचित्र वाटलं, पण मी मनात पैजेचा विषय कसा काढायचा ते घोळवत होतो.

कोकरू यायच्या आत मी काटा खाली ठेवला.

"काय नोएमी, घर कसं वाटलं? तुझ्या आजोबाचा वाटा वरचा मजला की खालचा, विचारलंस का नाही अजून?"

तेओदोरोनं चिडायला हवं होतं. तो हसला. तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"माझा वाटा नाही, नुन्झियोकाका," नोएमी म्हणाली. "आजोबा या घरातला नव्हता."

आत्याच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर आपटला.

"कोण म्हणालं?"

"पालिकेची वही, आजी."

"वहीला काय अक्कल? वही काय आमच्याकडे राहायला होती?"

"त्यात लिहिलंय, कानियो तान्हा असतानाच..."

"कानियो तेलेस्का माझा थोरला भाऊ. पहिल्या चपला मला त्यानं शिवून दिल्या, बापाच्या जुन्या पट्ट्याच्या. खा तू. गार होतंय."

"आई," तेओदोरो मधाळ आवाजात म्हणाला, "सांगून टाक ना. पोरीचं भलं होईल."

"तुझ्या तोंडात भलं शोभत नाही. गेल्या आठवड्यात तिला थंडीत कुडकुडत ठेवलीस तेव्हा कुठं गेलं होतं तुझं भलं?"

"हीटर बिघडला होता."

"तू बिघडला होतास," जाचिन्ता म्हणाली.

मी मिरची तोंडात टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच मला गमतीचं काही सुचेना.

नोएमीनं हात पुसले. "आजी, एक सांगते. मेलेल्यांच्या दिवशी आजोबा घरी दोन मेणबत्त्या लावायचा. एक आईची. दुसरी कोणाची विचारलं की म्हणायचा, धाकट्या कानियोची. मला वाटायचं, गावाकडचा कोणी मित्र असेल. एवढा मोठा माणूस, पण ती विझेपर्यंत तिच्यापाशी बसून राहायचा."

आत्या खाली बसली. तिला बसलेली बघून आम्हीच घाबरलो.

"लावायचा?" ती म्हणाली.

"मरेपर्यंत."

तिनं समोरचं ताट बाजूला सारलं. मग बोलली ती कोणाकडे न बघता.

"पोर सकाळी गार पडलेलं होतं. बाप उठला आणि सरळ पालिकेत जाऊन मेल्याची नोंद करून आला. त्याला वाटलं, नियमानं वागावं. आईच्या छातीतून दूध गळत होतं आणि ती कोणाशी बोलेना. मग सुईण हा घेऊन आली. गळ्यात शिक्का. आईनं त्याला छातीशी घेतला, कात्री मागितली, दोरा कापला आणि शिक्का विहिरीत टाकला. म्हणाली, हा कानियो. बाप म्हणाला, बाई, मी आत्ताच त्याला मेला म्हणून लिहून आलो. तर म्हणाली, तू लिहिलंस, मी नाही."

"तुला कसं माहीत?" तेओदोरोनं विचारलं.

"तो जहाजाला निघाला त्याच्या आदल्या दिवशी आईनं आम्हाला दोघांना बसवून सांगितलं. त्याला ठाऊकच होतं. गावातल्या पोरांनी कधीच सांगितलं होतं." आता तिनं नोएमीकडे बघितलं. "बर्फ पडला की पोरं गोळे करून त्याच्या तोंडावर मारायची आणि म्हणायची, घे, तुझी आई आली. नेव्होसो, घे. पुढं एका मुलीला मागणी घातली, तर तिच्या बापानं दारातूनच विचारलं, कुठल्या आडनावानं लग्न करणार? म्हणून गेला तो. मेलेल्या पोराचा कागद खिशात घालून गेला. तेलेस्का व्हायला त्याला समुद्र ओलांडावा लागला. आणि तू म्हणतेस, मी त्याला परत त्या बर्फात नेऊन ठेवू?"

"शपथेवर एक वाक्य, आजी."

"शपथ मी आधीच घेतलीय. आईनं मरताना माझा हात पावावर ठेवून घेतलीय. कानियो तुझा भाऊ, कोणी काही म्हणो."

"आई, ती शपथ घरातली. ही सरकारी," तेओदोरो म्हणाला.

"तू गप्प. तुला घर हवंय म्हणून माझा भाऊ विकायला निघालास."

नोएमी उभी राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे, आजी, नको. चांगली माणसं असंच म्हणतात. ती तसं म्हणाली नाही.

"तो मेलाय, आजी. आता कितीही बर्फ पडला तरी त्याला थंडी वाजणार नाही. माझी लेक जिवंत आहे. रोज फोनवर विचारते, किती झोपा झाल्या की येशील. मी तिला काय सांगू? आजोबाच्या अब्रूसाठी आईनं तुला सोडलं?"

"नाही म्हणजे नाही," आत्या म्हणाली.

"मग मेलेल्यांबरोबरच बसा तुम्ही सगळे. आमच्यासाठी एक मेणबत्ती ठेवा." तिनं वाईट शिवी दिली, काकाकडूनच आलेली, आणि तोंडावर हात घेतला.

आत्या उठली, टेबलाच्या कडेला धरत आपल्या खोलीत गेली. आतून कडीचा आवाज आला. भट्टीतलं कोकरू कोणी बाहेर काढलंच नाही.

"हट्टी म्हातारी," तेओदोरो पुटपुटला. "उद्या परत समजावू. नोएमी, तू काळजी करू नकोस, मी आहे."

जाचिन्तानं ताटं एकावर एक रचली. "तेओदोरो, घर तुला मिळेल. मला खात्री आहे, तू मिळवशीलच. पण मला एक सांग, या गावात कोणाच्या घरात दुधाचं पोर नव्हतं? माझ्या आज्जीचं माहेर कुठलं, कधी विचारलंस? तिला नव्हतंच. तीही कोणाच्या तरी दारात सापडली होती. चाळीस वर्षं मी तुझ्या घरात हे बोलले नाही, कारण तू कसा हसशील ते मला ठाऊक होतं; आज ते दिसलं." मग ती नोएमीकडे वळली. "चल गं, वर चल. टॉवेल देते. मोठा देते."

तेओदोरो माझ्याकडे बघायला लागला. मी कोटाची बटणं लावत होतो. पैज हरल्याचं मला चौकात पोचल्यावर आठवलं.

मंगळवारी सकाळी मी दुकानाची फळी काढत होतो. दारात आत्या, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात, गालाला पावडर. लग्नाला आणि मयताला ती पावडर लावते.

"चल," ती म्हणाली.

"कुठं, आत्या?"

"जिथं भाऊ सोडून देतात तिथं. लेकरानं आणखी किती झोपा मोजायच्या, म्हणून रात्रीच घरी सांगून टाकलं."

बाजार भरला होता. चीजवाले, भांडीवाले, कपड्यांचे ढीग. पालिकेच्या दारात नोएमी उभी होती, शेजारी बॅग. कागद हातात पडला की दुपारच्या आत जिल्ह्याला नेऊन शिक्के मारून घ्यायचे होते. आत्या आलेली बघून ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली. आत्या तिच्या शेजारून जिना चढली आणि ती मागोमाग. तेओदोरो आधीच वर लाव्हिआनोसाहेबांच्या टेबलापाशी होता, टाय लावून, खिशात स्वतःचं पेन. त्याला दुसरा साक्षीदार व्हायचं होतं.

लाव्हिआनोसाहेबांनी मजकूर वाचला. आवाज असा की भिंतीवरचं घड्याळसुद्धा अवघडलं असेल. कानियो तेलेस्का लहानपणी मृत. आमातो नेव्होसो, आईबाप अज्ञात, त्याच्या नावानं परदेशी गेला. मग त्यांनी मान वर केली.

"आता विचारायचं आहे. सदर इसम आपला भाऊ होता काय?"

"हे असंच विचारायला पाहिजे?"

"तशी रीत आहे, कोरोनाताबाई. माफ करा."

आत्यानं खिडकीबाहेर बघितलं, मग नोएमीकडे.

"नाही," ती म्हणाली.

"जरा मोठ्यानं. मला लिहायचं आहे."

"नाही. भाऊ नव्हता. कोणी नव्हता आमचा. लिहिलंस?"

तिनं सही केली, शाळेतल्या पोरीसारखी, एकेक अक्षर सुटं. तेओदोरोनं खाली झोकात सही ठोकली आणि पेनाला टोपण लावलं. शिक्का बसला. नोएमी तिथंच गुडघ्यांवर बसली आणि तिनं आत्याचा हात डोळ्यांना लावला.

"लेकीला घेऊन येईन, आजी. तुला भेटवायला आणीन."

"मला कशाला? मी कोण तिची?" आत्या म्हणाली. "आत्ताच सही केली ना."

नोएमीचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. आत्यानं तिचा हात सोडवून घेतला, आणि मग तिच्या गळ्यातला मफलर खेचून नीट बसवला. "बस सुटेल. पळ."

ती पळाली. बॅगेची चाकं जिन्यावर धडधडत गेली.

आम्ही खाली आलो. पायऱ्या संपल्या आणि आत्या तिथंच उभी राहिली. एका हातानं कठडा धरलेला, पाऊल पुढं टाकेना. घर चर्चच्या वरच्या अंगाला, मधे अख्खा चढ.

आणि कारंज्यापाशी तादेओ. पांढरा एप्रन, गळ्यात सॉसेजची माळ, हातात खराटा चाबूक म्हणून. भोवती बाकावरची सगळी फौज, भांडीवालीची झाकणं वाजवत.

"नुन्झियो! मागितलं का घर?"

"नाही," मी म्हटलं.

"मग वाक, गाढवा!"

बाजार टाळ्या पिटायला लागला. हरलो ते हरलो. मी कोट काढला, चौकाच्या मधोमध गेलो आणि वाकलो. पाठीवर बैल पडायची वाट बघत होतो. पडला नाही. मान वळवून बघितलं तर तादेओ पायऱ्यांकडे बघत होता. त्यानं सॉसेजची माळ काढून एका पोराच्या गळ्यात घातली आणि एप्रनला हात पुसले.

"माझी सवारी मी हिला दिली," तो म्हणाला. "घरापर्यंत."

"मी काय गाढवावर बसू?" आत्या म्हणाली.

"पैजेचं आहे, आत्या. फुकटचं आहे. बसून घ्या."

त्यानं तिला दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या पाठीवर ठेवली. म्हातारीची हाडं टोचली, तिनं माझा कान पकडला. लोक हसत होते. मी ठरल्याप्रमाणे ओरडलो, गाढवासारखा, पोटातून. हशा पार चर्चच्या भिंतीला धडकून परत आला.

"गप्प," आत्या कानाशी म्हणाली. "इथं थांब."

चीजवाल्याच्या दुकानापुढं मी थांबलो.

"ऐक रे," ती त्याला म्हणाली. "वर कचेरीत मी आत्ता सही करून आले. कानियो तेलेस्का माझा भाऊ नव्हता म्हणून. पोरीला कागद हवा होता. तो माझा भाऊ होता. ऐकलंस?"

चीजवाल्याच्या हातात सुरी तशीच राहिली. "ऐकलं, बाई."

"चल," ती मला म्हणाली. पाच पावलांवर भांडीवाली. "ऐक गं. कानियो तेलेस्का माझा भाऊ होता. सही केली ती पोरीसाठी. ऐकलंस?" झाकणं वाजायची थांबली. मी ओरडणं सोडून दिलं होतं; कोणी हरकत घेतली नाही. प्रत्येक दुकानापुढं ती मला थांबवायची, तेच म्हणायची, आणि हो आल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही. कपड्यांचा ढीगवाला तर आमच्या गावचाही नव्हता. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, ऐकलं.

वर पालिकेची खिडकी उघडी होती आणि लाव्हिआनोसाहेब तिथं उभे होते. शिक्का मारलेल्या कागदाविरुद्ध त्यांच्याच खिडकीखाली साक्ष चालू होती. ते ती नियमानं लिहून घेऊ शकले असते. त्यांनी हात बाहेर काढला आणि एक झडप लावली, मग दुसरी.

खाली वळणावर बसनं हॉर्न दिला आणि ती डोंगराआड गेली.

बारच्या दारात तेओदोरो लोकांना पाजत होता. आत्यानं माझा कान ओढला. मी थांबलो. घाम डोळ्यात जात होता म्हणून मला त्याचे नुसते बूट दिसत होते, नवे, पॉलिश केलेले.

"ऐक रे," ती म्हणाली, तशीच, जशी त्या परगावच्या कपडेवाल्याला म्हणाली होती. "कानियो तेलेस्का माझा भाऊ होता. ऐकलंस?"

बारमध्ये कोणी ग्लास उचलला नाही.

"आई, लोक बघतायत."

"ऐकलंस का, ते विचारतेय."

"ऐकलं," तेओदोरो बुटांकडे बघत म्हणाला.

"चल," आत्या मला म्हणाली. "भाजीवाले राहिलेत अजून."